पहिल्या तासातले घास

मंगळवार, १४ जानेवारी

डायलिसिसची माझी पाळी बदलली. आता मंगळवार-गुरुवार-शनिवार, सकाळी. का, म्हणून विचारलं तर म्हणे, "संध्याकाळी खुर्च्या कमी पडतात." बरं. मला सकाळ काय नि संध्याकाळ काय!

खुर्ची भिंतीकडची मिळाली. समोर आणि शेजारी मिळून तिघं म्हातारे. हाताला नळ्या, अंगावर घोंगड्या, आणि जोरजोरात भांडण! मला वाटलं काहीतरी घरचं असेल, जमिनीचं, सुनेचं. कान देऊन ऐकलं तर बुरितोवरून, कालवण भरून गुंडाळलेल्या पोळीवरून! आत एकच कालवण असावं की दोन चालतील, यावरून.

आणि या तिघांतल्या एकालाही बुरितो चालत नाही. घेवडा नाही, चीज नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही, मीठ तर नाहीच. डायलिसिसवरच्या माणसाला काय चालतं ते विचारा, यादी लहान आहे. मलाही दीड वर्ष यातलं काही नाही.

वेडे आहेत. मी डोळे मिटून पडून राहिले.

गुरुवार, १६ जानेवारी

नावं कळली. शेजारचे डॉन फेर्मीन. जन्म गेला ट्रक चालवण्यात, हुआरेसपासून पार खाली राजधानीपर्यंत. साखरेनं पायाची दोन बोटं नेली, आवाज मात्र जागेवर. समोर अबेलार्दो गास्तेलुम मास्तर. मूळचे शेजारच्या सोनोरा राज्याचे, भूगोल शिकवायचे. काटकुळे, गळ्याला मफलर. आणि खिडकीशी डोन्या एर्लिंदा, कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीण होत्या. जाडजूड बाई, पण हात केवढे बारीक झालेत.

आजही तेच.

"बुरितो एका हातात मावला पाहिजे," डॉन फेर्मीन. "दुसरा हात स्टिअरिंगवर. दोन हात लागले की तो बुरितो नाही, बाळंतपण आहे!"

"तुमच्या इकडच्या, चिवावाच्या पोळ्या म्हणजे बशा," मास्तर म्हणाले, शांतपणे, वर्गात म्हणावं तसं. "आमच्या सोनोरात पोळी कोपरापर्यंत येते. इतकी पातळ की पलीकडचा दिवा दिसतो."

"मग पडदा करून लावा खिडकीला!"

"पोळी, पोळी काय लावलंय?" डोन्या एर्लिंदा. "पहाटे बांधलेला बुरितो जेवणाच्या सुट्टीत उघडला तर फुटता कामा नये. गळता कामा नये. पोरींच्या अंगरख्यावर डाग पडला की मुकादम कोकलायचा. जो गळत नाही तो चांगला. बाकी सगळ्या पुरुषांच्या गप्पा."

तिघांचं फक्त एका गोष्टीवर एकमत. सरहद्दीच्या पुलापलीकडे, एल पासोत, लोक बुरितोत भात घालतात!

"भात!" तिघंही एकदम. जसं काही कुणी देवळात थुंकलं.

"गादीवर गादी घालून झोपण्यातला प्रकार," डॉन फेर्मीन म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ए पोरी, भिंतीकडची! तू सांग. कुणाचं बरोबर?"

मी म्हटलं, "मला चव आठवत नाही."

असं बोलायचं नव्हतं. पण खरं आहे. तोंडात सदा लोखंड चाखल्यासारखं असतं, काही खाल्लं तरी तेच.  नुसती यंत्रं चालत होती.

मग डॉन फेर्मीनच ओरडले, "सिस्टर मारिक्रूस! पंच मिळाला आम्हाला! जिला काही आठवतच नाही, ती कुणाची बाजू घेणार?"

मला हसू आलं नाही. पण येता येता राहिलं.

रविवार, १९ जानेवारी

धाकट्या बहिणीशी, नोएमीशी भांडले. कडाक्याचं.

मला न विचारता दवाखान्यात जाऊन रक्त देऊन आली. आज दुपारी कपडे वाळत घालता घालता सांगते, "रक्तगट जुळतो आपला. पुढच्या तपासण्या सुरू करायच्या म्हणाले."

कसल्या तपासण्या, ते कळलं मला. म्हटलं, "मूत्रपिंड म्हणजे काय ब्लाऊज आहे, बहिणीचं घालायला?"

"लहानपणी तुझेच कपडे घातले ना मी सगळे? एकदा तू माझं घाल."

"तुला दोन लेकरं आहेत, नोएमी!"

"आहेत. आणि त्यांना एकच मावशी आहे."

मी खोलीत येऊन दार लावून घेतलं. तिच्याच परसातली खोली, तिच्याच घराचं दार. आपटायचा तरी काय हक्क? रोहेलियो, तिचा नवरा, बाहेरून म्हणाला, "देल्फिना, जेवायला ये." गेले नाही.

तिला जे सांगत नाही ते इथे लिहिते. उन्हाळा लागला की मी जाणं बंद करणार आहे. यंत्र, सुया, दुपारभर अंथरुणाला खिळणं, मोजून पाणी — पुरे झालं. रडून-भेकून नाही ठरवलेलं. एखादी नोकरी सोडावी तसं ठरवलंय. मग तिच्या शरीरातून एक अवयव काढून माझ्यात का घालायचा?

मंगळवार, २१ जानेवारी

आज चर्चा: चीज आधी घालायचं की वरून. शेवटपर्यंत निकाल नाही.

शनिवार, २५ जानेवारी

आज डॉन फेर्मीननी मोठा पत्ता टाकला. म्हणाले, "तुमचं सगळं ऐकून घेतलं. आता माझं ऐका. जगातला सर्वांत चांगला बुरितो कुठे मिळतो, ते मला माहीत आहे."

दक्षिणेच्या रस्त्याला लागायचं. वाळूच्या टेकड्या संपल्या की ट्रकचा वजनकाटा येतो, त्याच्या पुढे निळ्या पत्र्याची टपरी. तोमासा नावाची बाई. एकच प्रकार करते, 'चिले पासादो'. हिरवी मिरची भाजून, सोलून, उन्हात वाळवायची, मग भिजवून चीजमध्ये शिजवायची. बस्स. मांस नाही, घेवडा नाही.

"पोळीत डुकराची चरबी किती घालते ते तिला आणि देवाला ठाऊक," डॉन फेर्मीन म्हणाले. "मी वजनकाट्याची रांग सोडून आधी तिच्याकडे जायचो."

"निळी टपरी म्हणे! यांना दर मैलाला एक टपरी दिसायची, आणि प्रत्येक टपरीत एक बाई," डोन्या एर्लिंदा.

"पुरावा?" मास्तर म्हणाले. "पुराव्याशिवाय भूगोल होत नाही, डॉन फेर्मीन."

सिस्टर मारिक्रूस हे सगळं ऐकत सुया काढत होती. तीच म्हणाली, "पहिल्या तासात चार घास खाल्लेत तर मी बघणार नाही. यंत्र नुकतंच सुरू झालेलं असतं, धुऊन निघेल. पण चार म्हणजे चार. आणि डॉक्टर राउंडला आले की तोंड बंद."

खोलीत एकदम जीव आला! लगेच ठरलं. दर शनिवारी एकानं आपला बुरितो आणायचा. सगळ्यांनी चार घास. पंच मी.

मी म्हटलं, मला चव कळत नाही, सांगितलं ना.

"कळेल तेव्हा सांग," मास्तर म्हणाले. "वर्गात पण काही पोरांना उशिरा कळायचं."

शनिवार, १ फेब्रुवारी

डोन्या एर्लिंदांची पाळी. सुनेकडून करून घेतले होते, घेवडा आणि चीज. आदल्या दिवशी तिच्या शेजारी बसून सूचना देत होत्या म्हणे. सून वैतागून म्हणाली, "सासूबाई, ऑपरेशन आहे का हे?"

फॉईल उघडला. काय बांधणी! दोन्ही टोकं आत दुमडलेली, एक थेंब बाहेर नाही. डोन्या एर्लिंदांनी तो उभा धरला, आडवा धरला, उलटा धरला. "बघा. गळतो का? बघा!"

"बाई, पाकीट छान आहे, पण आत पत्र कुठंय?" डॉन फेर्मीन. तरी चार घास सगळ्यात आधी यांनीच संपवले.

मास्तर हळूहळू चावत होते. म्हणाले, "माझी आई घेवडा असाच चेचायची. काही दाणे अख्खे ठेवून." डोन्या एर्लिंदांचे गाल लाल झाले.

मला? मऊ. गरम. आणि लोखंड.

सोमवार, ३ फेब्रुवारी

नोएमीचे निकाल आले. सगळं जुळतं. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि भांडी घासायला लागली. 

रात्रीचं जेवण वाढताना फक्त म्हणाली, "हट्टी कुठली."

शनिवार, ८ फेब्रुवारी

मास्तरांची पाळी. त्यांच्या बायकोनं, डोन्या चायोनं, स्वतः आणून दिलं. सोनोराच्या पोळ्या बहिणीकडून बसनं मागवल्या होत्या! आत माचाका — वाळवून, कांडून, अंड्याबरोबर परतलेलं गोमांस.

पोळी उलगडून दाखवली डोन्या चायोनं. खरंच कोपराच्या वर जाते. आणि खरंच आरपार दिसतं. डॉन फेर्मीनचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"ही पोळी नाही, मच्छरदाणी आहे," म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

मास्तर स्वतः दोनच घास खाऊ शकले. आज त्यांना धाप लागत होती, पाय सुजलेले. बाकीचे दोन घास त्यांनी माझ्याकडे सरकवले. "पंचाला जास्तीचा पुरावा लागतो."

जाताना डोन्या चायो त्यांना मफलर गुंडाळत होती. ते म्हणाले, "सोड गं, शाळेत नाही चाललोय." तरी मान वर करून उभे राहिले, गुंडाळू दिला.

तिसऱ्या घासाला मला काहीतरी लागलं. खारट. मांसाचं की कशाचं, माहीत नाही. लगेच गेलं. कुणाला सांगितलं नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शनिवारी डॉन फेर्मीनची पाळी, आणि त्यांचा बुरितो तिकडे वाळूच्या पलीकडे! आणणार कोण? मुलगा पुलापलीकडे आहे, कागद नाहीत. इकडे आला तर परत जाता येणार नाही. बाकी त्यांचं कुणी नाही.

"जाऊ द्या," म्हणाले. "मी हरलो असं लिहा." पहिल्यांदाच त्यांचा आवाज म्हाताऱ्यासारखा वाटला.

"पळपुटे!" मास्तर म्हणाले. घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली होती. "इतके दिवस छळलंत त्या तोमासाच्या नावानं. आता मला खायला घालाच. मी सोनोराचा माणूस, हरलो तर तोंडावर सांगेन."

घरी येऊन नोएमीला सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. ती म्हणाली, "उद्या रजा टाकते. जाऊ."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सविस्तर लिहायचंय. 

सकाळीच निघालो. नोएमी म्हणते, "आज जगातली सगळी जोडपी फुलं घेऊन फिरतायत, आणि मी तुला घेऊन." वारं सुटलेलं. रस्त्यावर वाळू सापासारखी सरपटत होती.  तिनं रेडिओ लावला, मी बंद केला, तिनं परत लावला. लहानपणी असंच होतं.

वजनकाटा आला. पुढे काही दिसेना. नोएमी म्हणाली, "गेली वाटतं टपरी." मी काच खाली करून डोकंच बाहेर काढलं! मलाच नवल वाटलं. माझं काय जात होतं? आणि मग दिसली. निळा रंग उडून पत्रा पिवळा पडला होता. तीन ट्रक उभे.

तोमासा म्हणजे कोणी गोड आजी असेल असं वाटलं होतं. छे! दोरीसारखी बाई, तोंडात शिवी, हात एक क्षण थांबत नाहीत. तव्यावर पोळी टाकली की फोड येतात, ती उचलायची, भरायची, गुंडाळायची, फेकायची.

"डॉन फेर्मीननी पाठवलंय," मी म्हटलं. "ट्रकवाले. हुआरेसचे."

"जिवंत आहे?"

"आहेत."

"मग स्वतः का नाही आला?"

"डायलिसिसवर आहेत. मी पण."

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, सुयांनी झालेल्या गाठीकडे. "हं," म्हणाली. मग, "त्याला सांग, ट्रक मागे घेताना माझी टपरी चेपली होती त्यानं. मी विसरले नाहीये." आणि न मागता एक बुरितो माझ्या हातात ठेवला.

फॉईल वगैरे नाही. साधा कागद. मी म्हटलं चार घास. उद्या यंत्र आहेच.

पहिला घास. पोळीचा जळका डाग, चरबी, मऊपणा. आणि मग मिरची! तिखट नाही आधी. आधी धूर. कुणीतरी अंगणात विस्तव पेटवलाय असा. मग तिखट हळूच मागून आलं, कानापर्यंत. चीजचे दोर हनुवटीवर. लोखंड कुठे गेलं? होतं तिथेच, पण याच्या खाली दबलं.

मी चार घासांवर थांबले नाही. सगळा संपवला. मग म्हटलं, "अजून एक."

"देल्फी," नोएमी म्हणाली, "पोटॅशियम वाढेल, वेडी आहेस का—"

"अजून एक!"

एवढ्या मोठ्यानं ओरडले की ट्रकवाले वळून बघायला लागले. तोमासानं दिला. नोएमी तो माझ्या हातातून ओढायला लागली, मी सोडेना. दोन बाया, चाळिशीच्या आसपासच्या, एका बुरितोसाठी झोंबतायत! शेवटी तो मधोमध फाटला. अर्धा तिनं खाल्ला. चावता चावता रडायला लागली. मी रडले नाही. मी खात होते.

परत येताना टेकड्यांपाशी मी तिला सांगितलं. उन्हाळ्याचं. जे फक्त इथे लिहिलं होतं ते.

तिनं गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर हात आपटायला लागली. "आई गेली तेव्हा तू मला काय म्हणाली होतीस? मी आहे म्हणालीस ना? मी आहे! मग?"  वाळू काचेवर आपटत होती. तिचं नाक गळत होतं, पुसायला काही नव्हतं, तर बुरितोच्या कागदानं पुसलं तिनं. डोळ्यांत मिरची गेली! ओरडायला लागली. आणि मग आम्ही दोघी हसायला लागलो. असं हसलो की कुशीत कळ आली.

हसून झाल्यावर मी म्हटलं, "दे."

"काय?"

"तुझं मूत्रपिंड. दे मला. मला हवंय."

तिनं गाडी सुरू केली.  हुआरेस येईपर्यंत माझा हात सोडला नाही, गिअर टाकायलासुद्धा माझ्या हातासकट.

शनिवार, १५ फेब्रुवारी

चार बुरितो घेऊन गेले होते. घरी तव्यावर गरम करून, टॉवेलात गुंडाळून. डॉन फेर्मीन दाढी करून आले होते, धुतलेला शर्ट. "आणलास? निळी टपरी?"

"आता पिवळी आहे. आणि तुम्ही चेपली होती म्हणे."

"तिला आठवतंय!" काय आनंद झाला माणसाला!

मास्तरांची खुर्ची रिकामी होती. त्यांना उशीर व्हायचा कधी कधी. डॉन फेर्मीननी बुरितो मांडीवर ठेवला, उघडला नाही. "तो आल्यावर. त्याचा पहिला घास मला बघायचाय."

सुया लागल्या, यंत्रं सुरू झाली. थोड्या वेळानं सिस्टर मारिक्रूस आली आणि आमच्या मधे उभी राहिली. कुणाकडेच न बघता म्हणाली, "मास्तर काल गेले. घरीच. हृदय थांबलं."



डोन्या एर्लिंदांनी क्रूसाची खूण केली. डॉन फेर्मीन तसेच बसून. दोन्ही हात त्या पुडीवर, जशी काही ती उडून जाईल. पहिला तास चालला होता. डोन्या एर्लिंदा हळूच म्हणाल्या, "फेर्मीन, खाऊन घे. तास संपतोय."

"तोंडावर सांगेन म्हणाला होता," डॉन फेर्मीन म्हणाले. "सोनोराचा माणूस. म्हणाला होता ना? तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

कुणीच खाल्लं नाही. तास संपला.

सुटताना त्यांनी आपली पुडी माझ्याकडे दिली. "चायोला नेऊन दे. त्याची होती ती."

अशा चकरा मला यंत्रानंतर झेपत नाहीत. तरी नोएमीला घेऊन गेले. घरात माणसं, मेणबत्त्या, कॉफी. डोन्या चायो स्वयंपाकघरात उभी, एकटीच. मी पुडी दिली, काय आहे ते सांगितलं. तिनं तिथेच उभ्याउभ्या उघडली आणि खायला लागली. कालपासून पोटात काही नव्हतं तिच्या. शेवटचा घास गिळून म्हणाली, "अबेलार्दो म्हणाला असता, पोळी लहान आहे." मग ओट्याला धरून खाली बसली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

"निकाल राहिला," डोन्या एर्लिंदा म्हणाल्या.

मी उभं राहून सांगावं तसं बसूनच सांगितलं, की तोमासाचा. मला चव लागली. खोटं बोलत नाही.

डॉन फेर्मीननी मान हलवली फक्त. "त्याची पोळी चांगली होती," म्हणाले. "आरपार दिसायचं. मी नाही म्हणालो, पण दिसायचं." मग, "आता मी भांडू कुणाशी?"

"का? मी काय मेलेय?" डोन्या एर्लिंदा कडाडल्या. "आणि पंचाला काय कळतंय! शनिवारी त्या कागदाला तेल सुटलं होतं. मी पाहिलं. तुझी तोमासा गळते!"

डॉन फेर्मीन घोंगडी फेकून सरळ बसले.

मंगळवार, ४ मार्च

मास्तरांच्या खुर्चीवर नवीन बाई आली. डोळे मिटून पडून होती. डोन्या एर्लिंदा म्हणाल्या, "राहू दे. थांबू थोडं."

बुधवार, १२ मार्च

डॉक्टरांकडे गेलो, दोघी. तारीख मिळाली — चोवीस एप्रिल. एवढं सोपं? नोएमी एकदम लहान मुलीसारखी विचारत होती: डाग कुठे राहील, किती दिवस भांडी घासायची नाहीत, रोहेलियोला घासता येतात का. डॉक्टर हसले.

रात्री झोप नाही. भीतीनं नाही. मी पुढच्या डिसेंबरचा विचार करत होते! कुणाच्या घरी जेवण, कोण काय करणार. कितीतरी दिवसांत मी इतकं लांब पाहिलं नव्हतं.

गुरुवार, १३ मार्च

खोलीत सांगितलं. डॉन फेर्मीन म्हणाले, "बरी हो आणि जा. पण शनिवारी येत जा. पंच लागतो." डोन्या एर्लिंदा रडल्या. मग लगेच वाद — नवं मूत्रपिंड लागल्यावर मी पहिला बुरितो कुठला खायचा!

शनिवार, २२ मार्च

वारं. धूळ. पाण्याचं वजन कमी चढलंय. जरा बरं वाटतंय.

बुधवार, २ एप्रिल

नोएमी आली. दारातच उभी राहिली, आत येईना. ऑपरेशनआधीची शेवटची तपासणी होती काल.

तिला दिवस गेलेत. मग मूत्रपिंड काढता येत नाही.

रोहेलियोला अजून सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू म्हणशील तसं करते, देल्फी. अजून वेळ आहे. तू सांग."

काय विचारतेय ते कळलं मला. तिला आत घेतलं, पलंगावर बसवलं. म्हटलं, "तुला नको असेल तर तुझं तू बघ. पण माझ्यापायी नाही. माझं उत्तर आहे, नाही."

"मग तू?"

"जाईन की यंत्रावर. उद्या गुरुवार आहे."

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. अजून झोपलीय.

किती वेळा नाही म्हटलं असेन मी हिला. कधी काही वाटलं नाही. आज पहिल्यांदा नाही म्हणताना भीती वाटली.